केरबाचा पेला

केरबा ओव्हाळला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मार खाताना.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट आहे. लोणावळ्याबाहेर पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअरचा कारकून होतो. स्टोअरच्या मागच्या दाराबाहेर पॅकिंगचं आवार होतं. बिडाचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून यायचे आणि तयार पंप लाकडी खोक्यांतूनच बाहेर जायचे. तरी आलेलं खोकं पुन्हा वापरायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. खोकं आलं की त्यात पहार घालायची, फळ्या ताडताड उडवायच्या, आतला माल काढायचा. फुटक्या फळ्या मुकादम विठ्ठल गेटाबाहेर पाठवून द्यायचा. तिथं त्याच्या भावाचं, अंबाजीचं, हॉटेल होतं. अंबाजीच्या चुलीत आमची खोकी जळायची आणि त्यावर उकळलेला चहा आम्हीच प्यायचो.

केरबा भट्टीवरून पॅकिंगला आला होता. वय चाळिशीच्या पुढे, अंगानं वाळका, हात मात्र मोठे. त्या दिवशी तो पहार बाजूला ठेवून फळ्यांच्या सांध्यात लाकडी पाचर मारत होता. एकेक फळी अखंड निघत होती. खिळे तो पकडीनं उपटायचा, दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करायचा आणि एका डब्यात टाकायचा. त्याच्या मागं अखंड फळ्यांची थप्पी उभी राहिली होती.

विठ्ठलनं विचारलं, हे काय चाललंय. केरबा म्हणाला, "ह्यातच आपला पंप बसतुया, मुकादम. मोजून बघा."

विठ्ठलनं मोजलं नाही. हाताशी आलेली फळी उचलून त्यानं केरबाच्या पाठीत हाणली. फळीला एक खिळा राहिला होता. तो खांद्यात रुतला आणि फळी तिथंच लटकली. आवारातले हसणारे लोक मागं सरकले. केरबानं दुसऱ्या हातानं फळी धरली आणि ओढून काढली. रक्त सदऱ्यातून खाली उतरलं. नळावर जाऊन त्यानं खांदा धुतला. परत येऊन तो पुन्हा दगडापुढं बसला. त्या फळीतला खिळा उपटला, ठोकून सरळ केला आणि डब्यात टाकला.

विठ्ठल पुन्हा धावून गेला असता, पण गडबड ऐकून मॅनेजरसाहेब बाहेर आले. त्यांनी केरबाच्या खांद्याकडे पाहिलं नाही. फळ्यांच्या थप्पीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून एकही खोकं फोडायचं नाही, असा हुकूम निघाला आणि खोकी उघडण्याचं काम केरबाकडे गेलं. अंबाजीची चूल थंडावली. त्याला जळण विकत आणायची वेळ आली. दोघा भावांनी हे मनात ठेवलं.

आवारातले लोक केरबाला भंगारशेठ म्हणायला लागले. "भंगारशेठ, हा वाकडा खिळा घ्या, लेकीच्या लग्नाला होईल," असं म्हणत कुणीतरी त्याच्या अंगावर खिळा फेकायचं. खिळा तो उचलून घ्यायचा. पंपाभोवती भरायचा पेंढा तो उन्हात झटकून पुन्हा वापरायचा. सुतळी कोपर आणि पंजाभोवती गुंडाळून खुंटीला टांगायचा. यंत्र पुसायची चिंधी घासलेटात धुऊन परत वापरायचा आणि तिचं अगदीच भुसकट झालं की तिनं उंदरांची बिळं बुजवायचा. खोक्यावरचा पत्ता रंगानं लिहायच्या ऐवजी तो लाकडी पाटीवर लिहायला लावायचा, म्हणजे खोकं परत आलं की पाटी तेवढी बदलली की काम झालं.

तो परंदवडीचा. तिथून पायी तळेगाव स्टेशनवर यायचा. मीही तळेगावचाच, त्यामुळं सकाळची पॅसेंजर आमची एकच होती. भाकरी फडक्यात बांधलेली. कागद नाही, पान नाही. शेंगा खाल्ल्या तर टरफलं खिशात. एकदा समोरच्या बाकावरच्या पैलवानी माणसाला याची मजा वाटली. त्यानं आपली टरफलं मुद्दाम केरबाच्या डोक्यावर उधळली आणि म्हणाला, "उचल. गाडी काय तुझ्या सासऱ्याची हाय का?"

केरबा म्हणाला, "सासऱ्याची न्हाई. झाडतो त्यो माजा मेव्हणा हाय. त्याला वाकावं लागतं."

त्या माणसानं त्याला लाथ घातली. केरबा बाकाखाली जाऊन पडला. पडल्या पडल्याच त्यानं टरफलं गोळा केली.

आणि त्याचा पेला. पितळेचा, बुडाशी चेपलेला, करगोट्याच्या दोरीनं पिशवीच्या बंदाला बांधलेला. त्याचं कारण त्यानं मला गाडीतच सांगितलं होतं. तरुणपणी तो खंडाळ्याच्या घाटात रुळांच्या कामावर होता. गँगमधले लोक रिकामे पत्र्याचे डबे कापून त्यात चहा प्यायचे आणि मुक्काम हलला की ते डबे तिथंच फेकायचे. धारदार काठाच्या डब्यांचे ढीग कडेला पडलेले असायचे. एका धनगराची गाय त्यात उतरली आणि तिच्या पायाची शीर कापली गेली. गाय हंबरत धावत सुटली, रुळावर आली आणि केरबाच्या डोळ्यांदेखत इंजिनाखाली गेली. अर्धं धड कडेला पडलं होतं आणि त्याचे पाय हलत होते. त्या आठवड्यात केरबानं तळेगावच्या बाजारातून पेला घेतला. तेव्हापासून प्रवासात असो की कामावर, चहा-पाणी त्याच पेल्यात. त्याच्या मागं कुठंही काही पडून राहत नसे.

आता अंबाजीच्या हॉटेलाचं सांगायला हवं. आत बाकं होती आणि कपबश्या होत्या. बाहेर, दाराच्या डाव्या हाताला, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात तीन कप ठेवलेले असायचे. कान तुटलेले, कडा फुटलेल्या. महारवाड्यातून आलेल्या कामगारानं त्यातला एक घ्यायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झालं की त्यानंच धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. कायद्यानं हे बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. धर्मांतरालाही चार-पाच वर्षं झाली होती. कोनाडा होता तिथंच होता.

केरबा त्या कपांना कधी शिवला नाही. तो दाराशी उभा राहून आपला पेला पुढं करायचा. त्याच्या मनात गाय होती आणि पत्र्याचे डबे होते. पण बघणाऱ्यांना दिसायचं ते एवढंच की केरबा ओव्हाळ आपलं भांडं घेऊन येतो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहतो. अंबाजी तर तोंडभरून कौतुक करायचा. त्याची चूल ज्याच्यामुळं थंडावली त्याचंच. "केरबाचं एक बरं हाय," तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "रीत पाळतो. आमच्या कपाला हात न्हाई, आमच्या उंबऱ्याला पाय न्हाई." केरबा ऐकून घ्यायचा आणि फुंकर मारून चहा प्यायचा. लोकांचं तोंड कुटं धरायचं, असं तो मला एकदा म्हणाला.

केरबाचा पुतण्या सीताराम आमच्याच कारखान्यात लेथवर हेल्पर होता. बाप लहानपणीच गेला होता. केरबानं आणि त्याच्या बायकोनं, चिमाबाईनं, त्याला वाढवला होता. विशीतला, सातवी शिकलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा. एका दुपारी चहाच्या सुट्टीत तो आणि त्याचे दोन सोबती सरळ हॉटेलात शिरले आणि बाकावर बसले. मी पलीकडच्याच बाकावर होतो. केरबा नेहमीप्रमाणं दाराबाहेर होता. त्याच्या पेल्यात नुकताच चहा पडला होता.

अंबाजी म्हणाला, "कप भाईर हायेत."

सीताराम म्हणाला, "बाक आत हायेत."

दोन-चार लोक हसले. अंबाजीला ते हसणं लागलं. त्यानं दाराकडे बोट केलं. "तुज्या चुलत्याकडं बघ. त्याला कळतं ते तुला कळंना?"

सीतारामनं मान वळवून केरबाकडे पाहिलं. केरबाच्या हातात पेला तसाच होता. सीताराम पुन्हा समोर बघायला लागला आणि म्हणाला, "तीन चहा."

विठ्ठल चुलीजवळ उभा होता. त्यानं चहाचं पातेलं फडक्यानं धरलं, उचललं आणि मागून सीतारामच्या मानेवर उपडं केलं.

तसली किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती. सीताराम बाकावरून आडवा झाला. त्याचे सोबती उठले तोवर अंबाजीनं आणि आणखी चौघांनी त्यांना जळणाच्या ढलप्यांनी झोडपायला घेतलं होतं. एकाचं नाक फुटलं. दुसऱ्याला लाथा घालत रस्त्यापर्यंत नेलं. केरबा पेला टाकून आत आला. त्या उंबऱ्याच्या आत त्याचा पाय पहिल्यांदाच पडत होता. सीतारामला काखेत धरून तो ओढत होता आणि त्याच्याही डोक्यावर ढलप्या पडत होत्या. आम्ही तिघा-चौघांनी मध्ये पडून दोघांना बाहेर काढलं. दवाखान्यात सदऱ्याची कॉलर सोडवली तेव्हा तिच्याबरोबर मानेचं कातडं आलं.

हवालदार आला. अंबाजीची बाजू तयार होती. पातेलं चुकून कलंडलं. आणि शिवाशिवीचं म्हणाल तर तसं इथं काही नाही. त्यानं हवालदाराला कोनाडा दाखवला. फुटके कप गेले होते. त्यांच्या जागी तीन नवे कप होते, निळ्या फुलांचे, आतल्या कपांपेक्षा भारी. ही बाहेर बसणाऱ्यांची सोय आहे, तो म्हणाला, ज्याला वारा लागतो तो बाहेर बसतो. आणि यांची माणसं आपल्या खुशीनं आपलं भांडं आणतात. केरबाला विचारा. इतकी वर्षं पेला आणतोय, आम्ही कधी सांगितलं होतं का?

हवालदारालाही प्रकरण मिटवायचं होतं. तो केरबाला म्हणाला, दोन दिवसांनी येतो. तू पेला आपल्या खुशीनं आणतोस, एवढंच सांग. खरं असेल तेच सांग.

आणि ते खरं होतं. केरबाची सगळी अडचण तीच होती. त्याला पेला आणायला कुणी सांगितलं नव्हतं. खरं बोललं तर सीतारामला भाजणारे सुटत होते. खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं. वर विठ्ठलनं निरोप धाडला होता. नीट बोललास तर पोरगं पुन्हा कामाला लागेल. नाहीतर परंदवडीला कडब्याची गंज आहे तुझी, आणि गंजीला लागूनच घर आहे.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर परंदवडीला गेलो. वस्तीतली माणसं अंगणात बसली होती. त्यांचं म्हणणं एकच होतं, पेला विहिरीत टाका. केरबा म्हणाला, पेल्यानं काय केलंय. एक जण म्हणाला, पेल्यानं आमाला भाईर बसवलंय. दुसरा म्हणाला, आबा, तुमी गाय बघितली, आमाला तुमी दाराबाहेर दिसता. केरबा त्यांना पुन्हा घाटातली गोष्ट सांगायला लागला. तेव्हा आत चुलीपाशी बसलेली चिमाबाई दारात आली.

"तुमचा पेला माज्या पोराच्या मानेवर पडलाय," ती म्हणाली. "आता त्येची गोष्ट सांगू नका."

केरबा त्या रात्री जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला तर सीताराम पालथा झोपला होता. त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि चुलता उठून जाईपर्यंत ते वळवलं नाही.

हवालदार यायचा होता त्या दिवशी केरबा कामावर आला. खोकी उघडली, खिळे सरळ केले. चहाच्या सुट्टीत तो सगळ्यांबरोबर गेटाबाहेर पडला. पेला पिशवीच्या बंदालाच होता. हॉटेलासमोर गर्दी जमली होती. हवालदार आत बाकावर बसला होता आणि अंबाजीची बायको रतनबाई त्याला भजी वाढत होती. विठ्ठल दारात उभा होता. केरबाला बघून तो हसला आणि आत ओरडला, "आला बघा साक्षीदार. भांडं घिऊन आलाय."

केरबा दाराकडे गेला नाही. कोनाड्याकडे गेला. त्यानं एक कप उचलला, फिरवून पाहिला. बोटानं कड तपासली, जशी तो फळी तपासायचा. मग हात वर नेला आणि तो कप उंबऱ्याच्या दगडावर आपटला.

कुणाला काही कळायच्या आत त्यानं दुसरा आपटला. वाकडा खिळा न टाकणारा माणूस नवे कप फोडतोय, हे आम्हालाच खरं वाटेना. तिसरा कप उचलला तेव्हा विठ्ठल त्याच्या अंगावर आला. केरबानं त्याला चुकवलं नाही. कप आपटला आणि मग पडला. विठ्ठलनं त्याचा उजवा हात पायाखाली धरला आणि टाच फिरवली. खाली कपांच्या खापऱ्या होत्या. बोटं मोडल्याचा आवाज मला रस्त्याच्या पलीकडे ऐकू आला. केरबा ओरडला, पण हात सोडवायची धडपड त्यानं केली नाही. दुसऱ्या हातानं तो विठ्ठलच्या पोटरीला धरून होता आणि सोडत नव्हता. अंबाजी तापलेलं उलथनं घेऊन धावला आणि त्यानं ते केरबाच्या दंडावर दाबलं.

मग मात्र गर्दी उसळली. पॅकिंगमधले लोक, ज्यांनी त्याच्यावर खिळे फेकले होते, तेच पुढं झाले. भट्टीवरचा बारकू ठाकर, जो कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यानं बाक उचलून विठ्ठलच्या पाठीत घातलं. भज्याची कढई कलंडली, तेल पेटलं. छपराच्या झापांना झळ लागली. रतनबाई मातीच्या पाट्या ओतत होती आणि दोन्ही बाजूंना शिव्या देत होती. हवालदार शिट्टी फुंकत बाहेर पडला. कारखान्याचे पहारेकरी येईपर्यंत हाणामारी चालली. थांबली तेव्हा अंबाजीचं डोकं फुटलं होतं, विठ्ठल कण्हत बसला होता आणि केरबा भिंतीला टेकून, हात मांडीवर धरून होता. बोटं वेगवेगळ्या दिशांना गेली होती. पंजात निळ्या फुलाचा एक तुकडा रुतला होता.

त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणून आम्ही उचलायला गेलो. तो म्हणाला, "आदी ल्ह्या. मग न्या."

हवालदार घामाघूम झाला होता. त्यानं वही काढली. प्रकरण हातातून गेलं होतं, पण निदान ते लहान करावं, अशी त्याची धडपड होती. तो म्हणाला, झटापटीत कप फुटले, असंच ना?

"न्हाई. झटापट मागनं झाली. मी फोडले."

"जुने असतील. तडा गेलेले."

"नवे हुते. तडा नव्हता. मी बघून फोडले. धड कप आमच्यासाटी भाईर ठिवले हुते म्हणून फोडले. तसं ल्ह्या."

हवालदार म्हणाला, असं लिहिलं तर नुकसानीचा गुन्हा तुझ्यावरही येईल. केरबा म्हणाला, येऊ दे.

"आणि पेला? तो तू खुशीनं आणत होतास की नाही?"

अंबाजीनं डोक्यावरचं फडकं धरून मान वर केली. वस्तीतली माणसंही आली होती, तीही पुढं सरकली.

"आणत हुतो," केरबा म्हणाला. "पेला माजा, खुशी माजी. पर माज्या खुशीनं ह्यो कोनाडा झाला न्हाई. माजा पेला नसता तर ह्येनं मला आत बसवला असता का, त्ये ईचारा त्येला. आता ईचारा. समद्यांदेकत."

हवालदारानं विचारलं नाही. पण वही मिटायलाही त्याला जमेना. शेवटी गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, अंबाजी, बोल की रं. अंबाजीनं रतनबाईकडं पाहिलं, विठ्ठलकडं पाहिलं. तो खाली थुंकला आणि म्हणाला, "आत? ह्येला?"

एवढंच तो म्हणाला. हवालदारानं ते लिहून घेतलं, कारण ऐकणारे फार होते. केरबानं ते सगळं वाचून दाखवायला लावलं आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

दवाखान्यात त्याच्या बोटांना पट्ट्या बांधल्या. दोन बोटं सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. रात्रीपुरतं ठेवून घ्यायचं ठरलं आणि खाट मिळाली ती सीतारामच्याच वॉर्डात. सीताराम आता उशीला टेकून बसत होता. मान एका बाजूला आखडली होती, वळत नव्हती. केरबा खाटेवर बसला तो त्याची मान वळत नव्हती त्या बाजूला. चिमाबाई दोघांच्या मध्ये खाली बसली होती.

मग भिंतीकडे बघतच सीताराम म्हणाला, "किती फोडले?"

"समदे."

"हात?"

"मोडलाय."

सीतारामनं मान वळवायचा प्रयत्न केला. वळेना. तेव्हा केरबा उठला, पट्ट्यांचा हात छातीशी धरून खाटेला वळसा घालून गेला आणि त्याला दिसेल असा समोर जाऊन बसला.